बीफ लिव्हरची रशियन धिरडी: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

रशिया, युक्रेन, बेलारूस या पट्ट्यात घरोघरी होणारा हा रोजच्या जेवणातला पदार्थ. कच्चं लिव्हर कांद्याबरोबर वाटायचं, त्यात अंडं आणि थोडा रवा किंवा मैदा घालायचा आणि तव्यावर तळहाताहून लहान, जाडसर धिरडी घालायची. रशियन लोक यांना 'पिच्योनाच्निए अलाद्यी' म्हणतात, युक्रेनियन 'ओलादकी'. आपण धिरडीच म्हणू.

लिव्हर न आवडणाऱ्यांची तक्रार बहुतेक दोनच गोष्टींची असते. ते वातड होतं, आणि त्याला उग्र, लोखंडी वास येतो. वाटून केल्यावर वातड व्हायला काही उरतच नाही, आणि वासाकडे कांदा बघतो. म्हणून लिव्हर कधीच न शिजवलेल्या माणसाने सुरुवात इथून करावी असं माझं मत आहे. कलेजी परतताना दोन मिनिटं इकडची तिकडे झाली की खेळ संपतो. ही धिरडी तेवढी चूक पोटात घालतात.

महाराष्ट्रातून एमबीबीएससाठी रशिया, कझाकस्तान, किर्गिझस्तानला गेलेल्या मुलामुलींना तर हे जरूर सांगेन. तिथे बीफ लिव्हर मांसापेक्षा स्वस्त मिळतं, हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात एका तव्यावर काम भागतं, आणि रवा, कांदा, अंडी कुठल्याही दुकानात असतात.

कुठलं लिव्हर घ्यायचं

मूळ पदार्थ गाय-बैलाच्या लिव्हरचा आहे. रशियात पाकिटावर 'गव्याझ्या पेचिन' असं लिहिलेलं असतं. 'पेचिन' म्हणजे लिव्हर. 'कुरिनाया' लिहिलं असेल तर ते कोंबडीचं, 'स्विनाया' असेल तर डुकराचं. हे दोन शब्द पाठ करून ठेवा, कारण कापलेले तुकडे बर्फात गोठलेले असले की नुसतं बघून फरक कळत नाही.

महाराष्ट्रात राहत असाल तर गोष्ट वेगळी. इथे २०१५ च्या कायद्यानुसार गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हैस आणि रेडा त्यात येत नाहीत, त्यामुळे इथल्या बाजारात 'बीफ' म्हणून जे मिळतं ते म्हशीचं असतं. त्याचं लिव्हर रंगाने गडद आणि चवीला उग्र, पण या कृतीला चालतं. भिजवायला मात्र थोडा जास्त वेळ द्या. गोव्यात बीफ उघडपणे मिळतं, आणि सोरपोतेल (डुकराचं मांस आणि लिव्हर घालून केलेला गोव्याचा पदार्थ) खाऊन वाढलेल्यांना लिव्हरच्या चवीची ओळख करून द्यायची गरजच नाही. बीफ खातच नसाल तर बकऱ्याची कलेजी घ्या, कृती तीच. कोंबडीची कलेजीही चालते. फक्त ती वाटल्यावर फार पातळ होते, म्हणून रवा एखादा चमचा वाढवावा लागतो.

विकत घेताना आधी रंग बघा. तपकिरी-लाल, ओलसर चमक असलेलं, बोटाने दाबल्यावर पुन्हा वर येणारं लिव्हर ताजं. आंबूस वास, चिकट बुळबुळीतपणा किंवा कडेचा सुकून काळा पडलेला भाग दिसला तर परत ठेवा. हिरवट-पिवळा डाग दिसला तर तिथे पित्त सांडलेलं असतं. तेवढा भाग जरा रुंद कापून टाकायचा, नाहीतर सगळं मिश्रण कडू होईल आणि मग कुठलाही मसाला त्याला वाचवू शकणार नाही. निवड करायला मिळाली तर फिकट रंगाचा तुकडा घ्या. वासराचं लिव्हर फिकट असतं आणि चवीला सौम्य.

साहित्य

लिव्हर ५०० ग्रॅम (साफ केल्यावर साडेचारशेच्या आसपास उरतं)
मोठा कांदा १
लसूण २ पाकळ्या
अंडं १
बारीक रवा ४ मोठे चमचे, किंवा मैदा ३ मोठे चमचे
स्मेताना किंवा घट्ट दही २ मोठे चमचे
मीठ १ चहाचा चमचा
मिरपूड अर्धा चहाचा चमचा
तळायला सूर्यफुलाचं तेल
भिजवायला दूध, लिव्हर बुडेल एवढं

यात सोळा-सतरा धिरडी होतात. तीन-चार माणसांचं एक जेवण.

स्मेताना म्हणजे तिकडचं आंबट क्रीम. रशियन दुकानात १५, २० किंवा २५ टक्के स्निग्धांशाचे डबे असतात. २० टक्केवाला घ्या, तो मिश्रणातही चालतो आणि वर घालायलाही. भारतात असाल तर शोधत फिरू नका. लोणी काढायला आपण साय विरजून ठेवतो, ती विरजलेली साय म्हणजे जवळजवळ स्मेतानाच. ती नसेल तर चक्का घ्या आणि त्यात चमचाभर ताजी साय फेटा.

साफ करणं

सगळ्यात कंटाळवाणा भाग हाच, आणि घाई करू नये तोही हाच.

लिव्हरवर एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो. तो ठेवला तर मिक्सरच्या पात्याला गुंडाळतो आणि धिरड्यात दोऱ्यासारखा दाताखाली येतो. लिव्हर मिनिटभर कोमट पाण्यात ठेवा, मग पुसून पाटावर घ्या. कडेला सुरीच्या टोकाने किंचित चीर द्या, पापुद्र्याखाली बोट घाला आणि दुसऱ्या हाताने लिव्हर दाबून धरत हळूहळू ओढा. लिव्हर ताजं असेल तर मोठ्या मोठ्या पट्ट्या निघतात. हातातून निसटत असेल तर बोटांना थोडं मीठ लावा, पकड येते. गोठवलेलं लिव्हर पूर्ण वितळायची वाट बघू नका. अर्धवट वितळलं की कापायला सोपं जातं आणि पापुद्राही चटकन सुटतो.

मग आडवे काप करा. आत पांढऱ्या, जाड भिंतीच्या नळ्या दिसतील. त्या रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका. कितीही वाटल्या तरी त्या मऊ होत नाहीत, म्हणून सुरीच्या टोकाने कोरून काढा. बारीकसारीक राहिल्या तर सोडून द्या. पाव किलो लिव्हर कचऱ्यात घालवून एकेक शीर शोधण्यात अर्थ नाही.

भिजवणं

तुकडे दुधात बुडवून झाकून फ्रीजमध्ये ठेवा, अर्धा ते एक तास. म्हशीचं किंवा मोठ्या जनावराचं असेल तर दोन तास. दुधात रक्त उतरतं आणि लोखंडी चव सौम्य होते. नंतरचं गुलाबी दूध फेकून द्यायचं. ते दुसऱ्या कशात वापरायचा विचारही करू नका. लिव्हर फिकट आणि ताजं असेल तर मला दूध वाया घालवणं पटत नाही, थंड पाणी दोनदा बदललं तरी पुरतं. भिजवल्यावर चाळणीत निथळत ठेवा आणि कागदाने टिपून घ्या. हे पाणी राहिलं तर मिश्रण पातळ होतं, आणि मग हात पिठाच्या डब्याकडे जातो. त्याबद्दल पुढे.

वाटणं

रशियन घरात यासाठी हाताने फिरवायचं किंवा विजेचं खिमा यंत्र असतं. त्यातून लिव्हर आणि कांदा एकत्र काढतात. मिश्रण थोडं दाणेदार राहतं आणि चव चांगली लागते. आपल्याकडे मिक्सर. आधी कांदा आणि लसूण वाटा, म्हणजे त्याचं पाणी सुटेल. मग लिव्हरचे छोटे तुकडे दोन हप्त्यांत घाला आणि थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं तर हवा भरून फेस येतो, आणि फेसाळ मिश्रणाची धिरडी तव्यावर फुगतात आणि मग बसतात. मध्ये एकदा पात्याला काही गुंडाळलंय का ते बघा. मिक्सर बंद करून, आणि चमच्याने.

आता भांड्यात जे दिसेल ते बघून दचकू नका. गडद, तांबूस-तपकिरी, चकचकीत, जवळजवळ ओतता येईल असा रस. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं की काहीतरी बिघडलंय. काही बिघडलेलं नाही, हे असंच दिसतं. आणि कच्चं मिश्रण चाखून मीठ बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

रवा की मैदा

दोन्ही चालतं. मी रव्याच्या बाजूने आहे. रवा लिव्हरचं आणि कांद्याचं पाणी शोषून फुगतो, तव्यावर ते पाणी धरून ठेवतो, आणि धिरडं आतून ओलसर, हलकं राहतं. मैद्याने बांधणी पक्की होते, उलटायला सोपं जातं, पण प्रमाण थोडं चुकलं तरी चिवट लागतं.

वाटलेल्या लिव्हरमध्ये अंडं, स्मेताना, मीठ, मिरपूड आणि रवा घालून हलवा. झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. मैदा असेल तर दहा मिनिटं पुरेत. अर्ध्या तासानंतर मिश्रण चमच्यातून सलग धारेत न पडता थबकत, जाड पट्टीसारखं पडायला हवं. आंबोळीच्या पिठापेक्षा किंचित दाट.

सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो. रवा घातल्याबरोबर मिश्रण पातळच दिसतं, आणि नवखा माणूस आणखी रवा घालतो, मग आणखी मैदा. अर्ध्या तासाने त्याचा गोळा होतो आणि तव्यावर विटा तयार होतात. थांबा. अर्धा तास झाल्यावरही पसरत असेल तरच एक चमचा रवा घाला आणि पुन्हा दहा मिनिटं वाट बघा. लिव्हर स्वतःच उष्णतेने घट्ट होतं, त्यात अंडंही आहे. पिठाने फक्त आधार द्यायचा आहे.

एखादं छोटं गाजर किसून घातलं तर गोडसरपणा येतो, मुलांना आवडतो. किसलेला कच्चा बटाटा घालणारेही आहेत, पण तो पाणी सोडतो. पहिल्या वेळी नको.

तव्यावर

बिडाचा तवा असेल तर उत्तम, नसेल तर जाड बुडाचं नॉनस्टिक. तळ झाकेल एवढं तेल घाला आणि मध्यम आचेवर नीट तापू द्या. हॉस्टेलच्या इलेक्ट्रिक शेगड्या उशिरा तापतात आणि आच कमी केल्यावरही बराच वेळ तशाच तापलेल्या राहतात. म्हणून अगदी वरच्या आकड्यावर ठेवू नका, मधल्यावर ठेवून पाच मिनिटं द्या.

आधी एकच छोटं धिरडं घाला. ते नमुन्याचं. शिजलं की खाऊन मीठ-मिरपूड बघा, बांधणी बघा, आणि मग बाकीचं.

एका धिरड्याला एक मोठा चमचाभर मिश्रण. फार पसरवू नका, बोटभर जाडी आपोआप राहते. एकमेकांपासून अंतर ठेवा. लिव्हर तेलात तडतडतं, चांगलंच उडतं, त्यामुळे जाळीचं झाकण असेल तर वर ठेवा.

आता तव्यापाशीच उभे राहा आणि नीट बघा. कडा आधी फिकट होतात, तांबूस रंग जाऊन मातकट तपकिरी होतो, आणि तो रंग कडेकडून मधे सरकत जातो. वरच्या पृष्ठभागावर लालसर रसाचे बारीक थेंब येतात. वरची चमक जाऊन मधला फक्त रुपयाएवढा भाग ओला राहिला की उलटायची वेळ झाली. साधारण अडीच-तीन मिनिटं. त्याआधी उलटलं तर फाटतं, आणि दोष मिश्रणाचा वाटतो. उलथणं पूर्ण खाली घालून एका झटक्यात उलटा. दुसरी बाजू दोन मिनिटं.

मधोमध काडी टोचून बघा. बाहेर येणारा रस पारदर्शक हवा, गुलाबी नको. थर्मामीटर असेल तर आत ७१ अंश सेल्सिअस यायला हवेत. कलेजी आतून थोडी गुलाबी चांगली असं म्हणणारे खवय्ये असतात. ते अख्ख्या कापांबद्दल बोलत असतात. वाटलेल्या मांसात बाहेरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, तिथे हा शौक नको.

शेवटची पायरी बऱ्याच रशियन घरांत करतात, आणि ती टाळू नका. तळलेली सगळी धिरडी एका पातेल्यात रचा, दोन-तीन चमचे पाणी किंवा पाण्यात कालवलेलं स्मेताना घाला, झाकण ठेवून मंद आचेवर पाच मिनिटं वाफ द्या. आतलं शिजण्याची खात्री होते आणि तव्यावर कडक झालेल्या कडा मऊ पडतात.

काही बिघडलं तर

धिरडी कोरडी, पिठूळ झाली तर पीठ जास्त झालं किंवा तव्यावर फार वेळ राहिली. या वेळेपुरतं स्मेतानात वाफ देऊन निभावून न्या. चिकटत असतील तर तवा तापला नव्हता. कडू लागली तर एक तर पित्ताचा डाग राहिला, नाहीतर मागच्या घाण्यातले कांद्याचे कण तेलात जळले. दोन-तीन घाण्यांनंतर तवा पुसून नवीन तेल घालायचं ते यासाठीच. वास उग्र वाटला तर पुढच्या वेळी कांदा दीडपट करा आणि अर्धा कांदा परतून घाला.

कशाबरोबर खायचं

तिकडची पद्धत म्हणजे वर स्मेतानाचा गोळा, बारीक चिरलेला शेपू, बाजूला कुस्करलेला बटाटा किंवा शिजवलेलं बकव्हीट (कुट्टू) आणि खारवलेली काकडी. शेपूवरून आपल्याकडे घराघरांत दोन पक्ष असतात. विरोधी पक्षाने इथे एकदा मत बदलून बघावं. आंबट सायीत शेपू फार वेगळा लागतो, भाजीतला उग्रपणा जातो. काकडीचा आंबट-खारटपणा मात्र हवाच, कारण लिव्हर चवीला जड असतं. खारवलेली काकडी नसेल तर व्हिनेगरमधला कांदा चालेल.

मसाल्यांबद्दल माझा सल्ला असा, की पहिल्या वेळी मीठ-मिरपुडीवरच करा, म्हणजे मूळ चव कळेल. पुढच्या वेळी एक-दोन हिरव्या मिरच्या कांद्याबरोबर वाटा आणि मूठभर कोथिंबीर घाला, छान जमतं. गरम मसाला आणि लिव्हर एकत्र आले की दोघेही चढ्या आवाजात बोलतात, म्हणून मी तो घालत नाही.

किती खायचं, कोणी खाऊ नये

लिव्हरची ताकद खरी आहे. १०० ग्रॅम कच्च्या बीफ लिव्हरमध्ये ५० ते ६० मायक्रोग्रॅम बी-१२ असतं, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज जेमतेम अडीच. शिवाय पाचेक मिलिग्रॅम लोह आणि भरपूर फोलेट. १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी या डॉक्टरांनी जीवघेण्या पंडुरोगाच्या (बी-१२ अंगी न लागल्याने होणाऱ्या रक्तक्षयाच्या) रुग्णांना रोज भरपूर लिव्हर खायला घालून बरं केलं, आणि १९३४ चं नोबेल त्यांना व्हिपल या संशोधकासह मिळालं. मुंबईचाही या कथेशी संबंध आहे. ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर १९२८ मध्ये इथे आली आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करू लागली. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे तिने १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. लिव्हरच्या अर्कानेही तोच गुण येत होता. त्यामागचा पदार्थ पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

आणि तरीही आज गरोदर बायकांनी लिव्हर खाऊ नये असाच सल्ला दिला जातो. कारण जीवनसत्त्व अ. १०० ग्रॅम कच्च्या बीफ लिव्हरमध्ये ते सुमारे ५,००० मायक्रोग्रॅम असतं, तर मोठ्या माणसासाठी रोजची वरची मर्यादा ३,००० धरतात. वरच्या मापाने एका धिरड्यात सत्तावीस-अठ्ठावीस ग्रॅम लिव्हर येतं, म्हणजे तीन धिरड्यांतच मर्यादा ओलांडली जाते. एखाद्या दिवशी असं झालं तर निरोगी माणसाचं बिघडत नाही, रोज होऊ नये. आठवड्यातून एकदा, तीन-चार धिरडी, एवढं ठीक. गरोदर असाल किंवा त्या प्रयत्नात असाल तर नकोच. युरिक ॲसिड वाढलेलं असेल, गाउटचा त्रास असेल तरीही नको. कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, कारण त्यातही अ असतंच.

उरलं तर

शिजवलेली धिरडी झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस राहतात. गोठवायची असतील तर मधे कागद घालून रचा. कच्चं मिश्रण मात्र रात्रभर ठेवू नका, ते त्याच दिवशी संपवा. गरम करताना पातेल्यात चमचाभर पाणी घालून झाकण ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये लिव्हर फटाफट उडतं आणि कडा रबरासारख्या होतात.

हात बसला की तव्याएवढी मोठी, पातळ धिरडी घालून बघा. त्यांचा थरांचा खारा केक करतात, 'पिच्योनाच्नी तोर्त'. एकेका थरावर लसूण घातलेलं मेयोनीज आणि परतलेला कांदा-गाजर पसरायचं, सहा-सात थर रचायचे, वर किसलेलं उकडलेलं अंडं आणि शेपू. वाढदिवसाला, नव्या वर्षाच्या टेबलावर तो असतोच. मोठं धिरडं उलटायला अवघड जातं, म्हणून केकसाठी मिश्रणात एक अंडं जास्त आणि रव्याऐवजी मैदा घ्या, आणि रचून झाल्यावर कापायच्या आधी किमान चार तास फ्रीजमध्ये ठेवा.